बोरघाट, बैलगाडी आणि नालबंद

कामशेतहून पवना धरणाच्या दिशेने निघाले की बेडसे गाव लागते. गावामागच्या डोंगरात सुमारे चारशे पायऱ्या चढून गेल्यावर इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली लेणी आहेत. चैत्यगृहाच्या पडवीतल्या उंच खांबांच्या माथ्यावर घोडे, हत्ती आणि बैल कोरलेले आहेत आणि त्यांच्यावर स्त्री-पुरुष बसलेले आहेत. त्या काळी माणूस ज्या ज्या जनावरावर बसत होता ती बहुतेक सगळी इथे सापडतात. मात्र ओझ्याची गाडी कुठे दिसत नाही. शेजारच्या भाजे लेणीत चार घोड्यांचा रथ आहे, पण तो सूर्याचा मानला जातो. शेतकऱ्याची किंवा व्यापाऱ्याची गाडी तिथेही नाही.

लेणी कोरणारे देवादिकांची वाहने कोरणार, खटारे कशाला कोरतील, असे कुणी म्हणेल. तेही खरेच. पण कार्ले, भाजे, बेडसे ही तिन्ही लेणी व्यापाराच्या वाटेवर आहेत, हे विसरून चालत नाही. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतून घाटमाथ्यावर येणारी एक मोठी वाट बोरघाटातून जात असे. बेडशाच्या पडवीत एका दानाचा लेख आहे. दान देणारा पुष्यणक हा नाशिकच्या आनंद शेठचा मुलगा. नाशिकच्या शेठचा मुलगा मावळातल्या डोंगरात लेण्यासाठी पैसा देतो, यावरून या वाटेवर कुणाची ये-जा होती ते कळते. मग त्यांचा माल कशावरून जात होता? ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तकात पैठण आणि तेरहून भडोचला गाड्यांतून माल जातो, अशी नोंद आहे. म्हणजे पठारावर गाड्या होत्याच. मात्र सह्याद्रीच्या कड्यापाशी आले की चाकाचे काम संपायचे. घाटाची वाट माणसाच्या आणि जनावराच्या पायाची होती. तिथे ओझे बैलाच्या पाठीवर चढायचे.

आज बैलगाडी संपत चालली म्हणून सगळीकडे हळहळ ऐकू येते. व्हॉट्सअ‍ॅपवर जुने फोटो फिरतात, हॉटेलांच्या दारात रंगवलेली चाके उभी केलेली असतात. ‘हजारो वर्षांची परंपरा’ हा शब्दप्रयोग त्याबरोबर हमखास येतो. बोरघाटापुरते बोलायचे तर ही परंपरा दोनशे वर्षांचीही नाही. गाडी इथे कशी आली, तिच्यामागे कोणकोणते हात होते आणि ते हात आज कुठे आहेत, हे पाहिले तर हळहळीची जागा थोडी बदलते.

मध्ययुगात दख्खनच्या बाजारपेठांना माल पुरवला तो बैलांच्या तांड्यांनी. फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये सतराव्या शतकात हिंदुस्थानात अनेकदा फिरला. दहा-बारा हजार बैलांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन जाताना पाहिल्याचे त्याने लिहिले आहे. तांडा समोरून आला की प्रवाशाला दोन-दोन, तीन-तीन दिवस वाट देत थांबावे लागे. हे तांडे प्रामुख्याने बंजाऱ्यांचे. त्यांच्यात मुसलमानही होते. मुलतानी आणि मुकेरी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या जमाती याच धंद्यातल्या. टॅव्हर्निये असेही सांगतो की गोवळकोंड्याच्या दक्षिणेला चाकाची वाहने चालतच नाहीत, सगळे बैलांच्या पाठीवर.

घोड्याची गोष्ट वेगळी. तो समुद्रातून येई. अरबस्तान आणि इराणचे घोडे चौलला उतरत आणि घाट चढून बहमनी व पुढे निजामशाही मुलखात जात. रशियन व्यापारी अफनासी निकितीन १४७०च्या आसपास एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला आणि तिथून जुन्नरला पोहोचला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. शेवटी एका खुरासानी गृहस्थाने मध्यस्थी करून घोडा सोडवून दिला. एका घोड्यासाठी इतका खटाटोप का, हे त्या काळच्या किमती लक्षात घेतल्या म्हणजे कळते. राज्याची ताकद घोड्यांवर मोजली जात होती.

आपल्या भाषेत या दोन जनावरांचा इतिहास जसाच्या तसा शिल्लक आहे. बैलाच्या गाडीचे शब्द पाहा. जू, आख, चाक, आरे, धुरा. हे संस्कृत-प्राकृतातून आलेले, म्हणजे बेडशाच्या शिल्पकाराला ऐकवले तर त्यालाही ओळखू येतील असे शब्द. घोड्याचे शब्द घ्या. लगाम, जीन, रिकीब, खोगीर, चाबूक, नाल, पागा, तबेला, सईस. हे सगळे फारसी-अरबीतून आलेले आणि मराठीने इतके आपले केलेले की शिवकाळाचे एक पान त्यांच्याशिवाय लिहिता येणार नाही. बैल शेतातून आला, घोडा दरबारातून. मराठी दोघांच्याही मागे चालली.

‘नालबंदी’ हा शब्द तर थेट हिशेबाच्या वहीत गेला. मराठेशाहीत शिलेदाराला मोहिमेआधी घोड्यामागे जी आगाऊ रक्कम मिळे, तिला नालबंदी म्हणत. घोड्याच्या पायाला नाल ठोकणे हा मोहिमेचा पहिला खर्च, म्हणून पुढे आगाऊ रकमेचेच ते नाव पडले. नाल ठोकणारा तो नालबंद. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

घाटातून गाडी नेणे किती अवघड होते याचा सर्वात मोठा धडा मावळातच लिहिला गेला. १७७८च्या अखेरीस राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईहून कंपनीची फौज निघाली. लढणारी माणसे चार हजारांच्या आत आणि तोफा ओढायला, सामान वाहायला बैल एकोणीस हजारांहून जास्त. ही जत्रा बोरघाट चढून मावळात आली तेव्हा तिचा वेग दिवसाला मैलभरसुद्धा उरला नव्हता. मराठ्यांनी पुढचा मुलूख रिकामा केला, चारा-धान्य जाळले आणि बाजूंनी टोचत राहिले. कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट पडला. मावळ त्याला आजही ‘इष्टूर फाकडा’ म्हणून ओळखतो. फौज तळेगावपर्यंत पोहोचली, मागे फिरली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तिने गुडघे टेकले. महादजी शिंद्यांच्या डावपेचांचे कौतुक इतिहासात होते आणि ते रास्तच आहे. पण एकोणीस हजार बैलांना दाणावैरण घालत घाट चढवणे, हे ओझेसुद्धा त्या पराभवात धरायला हवे.

इंग्रज मात्र त्यातून शिकले. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, तोफा जाव्यात म्हणून बोरघाटाची वाट सुधारली. त्यानंतर मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कमने नोव्हेंबर १८३० मध्ये गाड्यांसाठी पक्का रस्ता खुला केला. माल घेतलेली गाडी पठारावरून थेट पनवेलच्या धक्क्यापर्यंत उतरू लागली ती तेव्हापासून.

पण रस्ता झाला तरी त्यावर चालायला तशी गाडी कुठे होती? तेव्हाच्या दख्खनी गाड्या म्हणजे अखंड लाकडाच्या किंवा दगडाच्या जड चाकांचे ओंगळ साधन. गावात अशी एखाद-दुसरी गाडी असे आणि ती बांधावरचे दगड, शेतातले खत, कापणीचे पीक हलवायला वापरत. लांबच्या प्रवासाला ती निरुपयोगी होती. १८३६च्या सुमारास सोलापूर भागात जमीनमोजणीच्या कामावर असलेला लेफ्टनंट गेस्फर्ड याने टेंभुर्णीला गाड्या बनवण्याचा कारखाना काढला आणि एका जोडीला ओढता येईल अशी हलकी, आऱ्यांच्या चाकांची गाडी तयार केली. ती शेतकऱ्याला परवडेल अशा किमतीत मिळू लागली आणि हळूहळू गावोगावच्या सुतारांनी तिची नक्कल केली. आपण जिला ‘बापजाद्यांची बैलगाडी’ म्हणतो तिच्या घडणीत या मोजणी खात्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्याचा वाटा आहे. चाक आपले, आरा आपला, सुतार आपला, पण ही विशिष्ट गाडी रस्त्याबरोबर आणि साऱ्याच्या नव्या हिशेबाबरोबर आली. शेतकऱ्याचा माल बाजारात गेला तरच सारा रोखीने वसूल होणार होता.

पनवेलचे नशीब या रस्त्याने उघडले. मुंबईहून पनवेलपर्यंत होडी आणि पनवेलहून पुढे गाडी, असा प्रवास होता. पनवेलच्या सुतारांनी चाके बनवण्यात असे नाव कमावले की बोरघाटात येणाऱ्या जवळपास सगळ्या गाड्यांना पनवेलची चाके असत. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी गॅझेटियरांनी या गावचा सांगण्याजोगा उद्योग म्हणून चाकांचीच नोंद घेतली आहे.

मग आगगाडी आली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे, १८५८च्या जूनमध्ये खंडाळा-पुणे. मधला घाट राहिला होता. पाच वर्षे प्रवासी खोपोलीला आगगाडीतून उतरत, पालखीत, तट्टावर किंवा गाडीत बसून घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसत. त्या पाच वर्षांत घाटातल्या गाडीवानांची जेवढी चलती झाली तेवढी पुन्हा कधी झाली नसेल. १८६३च्या एप्रिलमध्ये पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल असलेला लोहमार्ग पुरा झाला. एका टप्प्यावर त्या कामावर बेचाळीस हजार मजूर होते. लांब पल्ल्याची गाडी तेव्हा संपली.

एवढ्यावरून आगगाडीने बैलगाडी मारली असे म्हणावेसे वाटेल. घडले उलटे. आगगाडी स्टेशनापर्यंतच येते. स्टेशनापासून गावापर्यंत आणि गावापासून स्टेशनापर्यंत माल कुणी न्यायचा? कामशेत, वडगाव, तळेगाव, लोणावळा अशी स्टेशने झाली आणि आतल्या खोऱ्यांतला तांदूळ, गवत, कोळसा तिथवर आणायला बैलगाड्या वाढल्या. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ दरम्यान इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा खानदेश-वऱ्हाडात तर गाड्यांना तोटा नव्हता. बैलगाडीचा सुवर्णकाळ म्हणायचा तर तो आगगाडीच्या बरोबरीने आला. यंत्र आले म्हणून जुने साधन लगेच मरत नाही. यंत्र जिथवर पोहोचत नाही तिथे त्याला जास्तच काम मिळते. यंत्र दारात पोहोचले की मात्र ते मरते.

या काळातली गाडी म्हणजे गावातल्या कारागिरांचा एकत्र हिशेब होता. बाभळीचे लाकूड वाळवून सुतार चाक घडवी. मधला तुंबा, त्यात आरे, आऱ्यांवर पुठ्ठे. मग लोहार धाव चढवी. धाव म्हणजे चाकाभोवतीचे लोखंडी कडे. ती चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात. गोवऱ्यांच्या आरात लाल करून फुगवतात, दोघा-तिघांनी सांडशीत धरून चाकावर बसवतात आणि वरून घागरीने पाणी ओततात. लोखंड आवळते आणि सगळे चाक करकचून एक होते. अंदाज चुकला तर आरे वाकतात, नाहीतर दोन महिन्यांत धाव निसटते. दोर आणि कासरे करणारे मांग, चामड्याचे काम करणारे चांभार, वंगणाला तेल देणारे तेली, हे सगळे त्यात होते. जिराइतातल्या मोठ्या गाडीपेक्षा मावळच्या चिखलवाटांवर छोटी गाडी बरी पडे आणि भातखाचरांच्या मुलखात तिला रेडेही जुंपत. बायाबापड्यांना माहेरी पोहोचवायला दमणी किंवा छकडा असे. जत्रेला, उरुसाला गाड्यांची रांग लागे आणि रात्रीचा मुक्काम गाडीखालीच पडे.

नालबंद या यादीत कुठे बसतो? बारा बलुत्यांच्या काही याद्यांत मुलाणी येतो, कारण जनावर हलाल करण्याचा गावगाड्यातला मान त्याचा. नालबंद येत नाही. त्याला गावात वतन नव्हते, खळ्यावर वाटा नव्हता. घोडदळाच्या पागेबरोबर फिरणारा हा कारागीर, लढाया संपल्या तसा बाजारपेठांच्या गावी स्थिरावला आणि घोड्याबरोबर बैलाचे पायही सांभाळू लागला. पिंजारी, तांबोळी, बागवान, अत्तार, कासाई यांच्यासारखेच नालबंद हे मराठी मुसलमानांमधले एक धंद्यावरून पडलेले नाव.

काम सोपे नव्हे. घोडा उभा राहून नाल मारून घेतो. बैलाचे तसे नसते. त्याच्या पायांत दोर अडकवून त्याला बेताने आडवा पाडावा लागतो. एकजण डोके दाबून धरतो, चारही पाय एकत्र बांधले जातात. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. चार पायांना आठ. आधी खूर तासायचा, मग अर्धचंद्रासारखी पत्री बेतून बसवायची आणि खुराच्या कडेच्या जाड भागात खिळे ठोकायचे. खिळा दाणाभर आत गेला तर रक्त येते, बैल लंगडतो आणि शेतकऱ्याचा हंगाम जातो. मातीच्या वाटेवर पत्री बरेच दिवस टिकते. खडीचा आणि पुढे डांबराचा रस्ता झाला तशी ती लवकर झिजू लागली आणि नालबंदाचे काम वाढले. माल्कमच्या पक्क्या रस्त्याने ज्या लोकांना रोजगार दिला त्यांत हा माणूस होता. गॅझेटियरात पनवेलच्या चाकांना ओळ मिळाली. त्या चाकांपुढे चालणाऱ्या खुरांची काळजी घेणाऱ्याला फारशी जागा मिळाली नाही.

शहरात टांगा होता. पुण्यात, लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर, महाबळेश्वरच्या रस्त्यावर. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०७ मध्ये विजेच्या ट्रामने तिची जागा घेतली. त्याबरोबर शेकडो घोड्यांचे काम गेले. व्हिक्टोरिया मात्र टिकली. टांगा, व्हिक्टोरिया, त्यांचे तबेले, सईस, खोगीर शिवणारे, नालबंद, या सगळ्या साखळीत मुसलमानांची संख्या मोठी होती. घोड्याचा धंदा बहुधा त्यांच्या हाती पागेपासून चालत आला होता.

पुण्यात टांग्याचा अंत पुण्यानेच केला. १९४९च्या सुमारास नवलमल फिरोदियांच्या पुढाकाराने तीन चाकांची मोटाररिक्षा पुण्याच्या रस्त्यावर आली. पुढे फिरोदियांच्याच बजाज टेम्पोने, १९५८ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने, माल वाहणारा तीनचाकी टेम्पो आणला. तिचा कारखाना नंतर आकुर्डीला गेला, म्हणजे मावळाच्या वेशीवर. टांग्याला मारणारी रिक्षा आणि बैलगाडीला मारणारा टेम्पो, दोन्हींचा गाव एकच. टांगेवाल्यांच्या पुढच्या पिढीतल्या कित्येकांनी रिक्षाचा परवाना घेतला. ते शहाणपणाचेच झाले. काही घरांत घोडा राहिला, तो वरातीपुरता. नवरदेव हिंदू असो की मुसलमान, लगाम धरून पुढे चालणारा माणूस बहुतेक वेळा याच घरांतला असतो.

२००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. मावळाच्या मधून गेलेल्या त्या साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या रस्त्यावर बैलगाडीला, टांग्याला, सायकलला आणि पायी चालणाऱ्याला मनाई आहे. ताशी शंभरने धावणाऱ्या मोटारींमध्ये बैल सोडणे शक्य नाही, हे उघड आहे. पण बैलाला घाट चढता यावा म्हणून बांधायला सुरुवात झालेल्या वाटेचा शेवट बैलाला मज्जाव करणाऱ्या फलकावर झाला, ही नोंद इतिहासात हवी.

आता या गोष्टीचा दुसरा भाग. बैलगाडी मावळातून गेलेली नाही. यात्रांच्या दिवसांत मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत फिरून पाहावे. शर्यतीच्या धावपट्टीला इथे ‘घाट’च म्हणतात. पुढे घोडी, मागे बैल, भंडारा उधळलेला, माईकवर पुकारा आणि काही सेकंदांत बारी पार. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. सगळ्या पक्षांचे पुढारी या लढ्यात एकत्र होते. आज मोठ्या शर्यतीत पहिल्या क्रमांकाचे बक्षीस ट्रॅक्टर, बोलेरो, क्वचित जेसीबी असते. बैलाचे काम ज्यांनी संपवले तीच यंत्रे बैलाला बक्षीस म्हणून मिळतात, आणि कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही!

शर्यतीला माझा विरोध नाही. नियम पाळले, बैलाला टोचणी आणि मारहाण झाली नाही, तर शेतकऱ्याने आपल्या जनावरावर जीव लावण्याचे ते एक निमित्त आहे आणि खिलार जातीच्या पैदाशीला त्याने आधार मिळाला, हेही खरे. पण जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या, तेव्हा कारण असे दिले होते की केवळ माणसाच्या मौजेसाठी जनावराला असे राबवणे टाळता येण्यासारखे आहे. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही खटले वेगळे आहेत, हे मान्य. मुंबईच्या घोड्यांचे हाल होत होते, तबेल्यांची अवस्था वाईट होती, हेही मान्य. तरी प्रश्न उरतो. मौज दोन्हीकडे आहे. एका मौजेला विधिमंडळाने संस्कृती म्हणून कायदा करून दिला. दुसरीला बाजू मांडायला तसा कुणी आमदार उभा राहिला नाही. पहिलीमागे गावोगावचे जमीनदार आणि मतदार आहेत. दुसरीमागे दक्षिण मुंबईतले काही गरीब चालक होते, बरेचसे मुसलमान. न्यायालयाने त्यांच्या पुनर्वसनाची योजना करा असे सरकारला बजावले होते, हे इथे सांगायला हवे. २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्या. घोडा सुटला, सईस आणि नालबंदही सुटले.

शर्यतीतल्या छकड्याने गाडीमागची ती सगळी साखळी परत आणली असती तर आनंदच होता. तसे होत नाही. शर्यतीचा छकडा ओझे वाहत नाही आणि शर्यतीचा बैल डांबरावर कोसकोस चालत नाही. पनवेलचा सुतार, धाव चढवणारा लोहार आणि पत्री मारणारा नालबंद यांना त्यातून वर्षभराची भाकरी मिळण्याची सोय नाही.

चाकणला शनिवारचा बैलबाजार मोठा. रुमालाखाली बोटे दाबून सौदा करणारे दलाल, त्यांत सगळ्या जातीधर्मांचे लोक. त्याच चाकणभोवती आता बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने आहेत. बैलबाजार ट्रॅक्टरमुळे आधीच ओसरत होता. त्यात मार्च २०१५ मध्ये राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. याआधी थकलेला बैल विकून त्या पैशांत भर घालून शेतकरी नवा बैल घेत असे. ते चक्र तुटले. म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही आणि मरेपर्यंत पोसण्याची ऐपत नाही, म्हणून कित्येकांनी नवा बैल घेणेच सोडले. बैल वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने बैल ठेवणे महाग केले. कुरेशी समाजाच्या रोजगाराचे काय झाले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण तोट्यात तो एकटाच नाही.

तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याचे उत्पादन थांबले. कामगार कोर्टात गेले, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, पुढे ह्युंदाईने तो कारखाना घेतला. त्या कामगारांची बाजू रास्त होती आणि ती मांडायला त्यांच्याकडे संघटना होती. गावातल्या शेवटच्या नालबंदाने हातोडी कधी ठेवली, याची तारीख अशी कुठे लिहिलेली सापडत नाही. त्याची मुले गॅरेजात गेली, वेल्डिंग शिकली, पंक्चरचे दुकान टाकले. आडनाव तेवढे राहिले. शाळेच्या दाखल्यावर ‘नालबंद’ लिहिलेल्या मुलीला या शब्दाचा अर्थ विचारला तर तिने आजोबांकडे बोट दाखवावे, अशी स्थिती आहे. आणि आजोबाही आता थोड्याच घरांत आहेत.

एका ठिकाणी हे काम अजून सुरू आहे. ऊसतोडीच्या हंगामात, ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवर उतरतात. त्यांच्या बैलगाड्यांना आता लाकडी चाक नसते, मोटारीचे टायर असतात. पहाटे दोनला, तीनला उसाने शिगोशिग भरलेल्या गाड्या डांबरी रस्त्याने कारखान्याकडे निघतात. बैल मात्र तोच, खूर तोच आणि डांबरही तेच. पत्री झिजते. म्हणून टोळ्यांच्या कोप्यांजवळ दोर, हातोडी आणि पत्र्यांची पिशवी घेऊन नालबंद फिरताना दिसतात. दर बैलामागे ठरतो, घासाघीस होते, बैल आडवा पडतो, आठ पत्र्या बसतात. पलीकडच्या फडात ऊस तोडणारे यंत्र उभे असते. दरवर्षी एखाद-दुसरे वाढते.